फोन गेला, हप्ता राहिला

वाचकाचं पत्र :

ताई, मी चोवीस वर्षांची आहे. डोंबिवलीला आई-बाबांकडे राहते आणि परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला जाते. पाच महिन्यांपूर्वी २७,००० रुपयांचा फोन घेतला. दुकानात ३,००० भरले, उरलेल्या २४,००० चे दोन-दोन हजारांचे बारा हप्ते. चार फेडून झालेत. मागच्या मंगळवारी संध्याकाळी लेडीज डब्यात चढताना रेटारेटी झाली. आत उभी राहून बघते तर पर्सची चेन उघडी आणि फोन गायब. शेजारच्या बाईंच्या फोनवरून लगेच सिम बंद करायला लावलं, दुसऱ्या दिवशी त्याच नंबरचं नवं घेतलं. पोलिसांकडे गेले तर 'गहाळ झाला असं लिहून द्या, लगेच शिक्का मारून देतो' म्हणाले. मी तसं लिहून दिलं.

फायनान्स कंपनीला कळवलं, तर फोन असो-नसो, हप्ता पाच तारखेला कापला जाणारच, असं उत्तर आलं. मैत्रीण म्हणते, खात्यात पैसेच ठेवू नकोस, वस्तूच नाही तर पैसे कसले? बाबांना मी फोन दुरुस्तीला दिलाय असं सांगितलंय. हप्त्यावर काही घेऊ नकोस, असं ते तेव्हाच म्हणाले होते. सध्या आईचा जुना बटणांचा फोन वापरते. काल त्यावर मेसेज आला, 'तुमचा हरवलेला फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी लिंक उघडा'. उद्या लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडून बघू का?

*

उत्तर :

त्या लिंकला हात लावू नकोस, हे मी तुला पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं होतं. इथे पुन्हा लिहिते, कारण फोन गेलेल्या बऱ्याच जणांना असा मेसेज येतो आणि त्या क्षणी तो देवासारखा वाटतो. चोराच्या हातात फोन आहे, पण तो तुझ्या गुगल खात्याला बांधलेला आहे. पुसून नव्याने चालू केला तरी आधीचं खातं आणि पासवर्ड विचारतो. ते मिळेपर्यंत त्याला चांगली किंमत येत नाही. म्हणून हुबेहूब दिसणारं खोटं पान बनवतात आणि तुझ्याच हाताने पासवर्ड लिहून घेतात. पोलिसांना फोन सापडला तर ते लिंक पाठवून पासवर्ड विचारत नाहीत, चौकीवर बोलावतात.

लॅबच्या कॉम्प्युटरवर बसणारच असशील तर ब्राउझरमध्ये स्वतः पत्ता टाकून गुगलच्या खात्यात जा. पासवर्ड बदल आणि हरवलेलं उपकरण शोधण्याच्या सोयीतून फोनला कुलूप घाल. फोन पुसायचाही पर्याय तिथेच असतो, पण एकदा पुसला की तो कुठे आहे ते दिसायचं बंद होतं. दोन दिवस वाट बघ, काहीच हालचाल दिसली नाही तर पुसून टाक. काम झाल्यावर त्या कॉम्प्युटरवरून खातं बंद करायला विसरू नकोस.

आता हप्त्याचं बोलू. तुझ्या पत्रात राग आहे तो या जागी, आणि तो मला कळतो. रोज सकाळी ७ ची गाडी पकडून कमावलेल्या पगारातून, जी वस्तू दुसऱ्याच कुणाच्या खिशात आहे तिचे पैसे आठ महिने भरायचे. हे अन्यायासारखं वाटणारच.

पण व्यवहार काय झाला ते एकदा नीट बघ. दुकानदाराला फोनचे सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात मिळून गेले. ते फायनान्स कंपनीने दिले. तुझ्याकडून दर महिन्याला कापले जातात ते फोनचे पैसे नाहीत, कंपनीने तुझ्या वतीने भरलेल्या २४,००० ची परतफेड आहे. तू सह्या केल्यास (किंवा ओटीपी सांगितलास, तीही सहीच) त्या कर्जाच्या करारावर. चोराने फोन नेला, कर्ज नेलं नाही. बैलजोडीसाठी सोसायटीचं कर्ज काढलं आणि बैल मेला, तरी सोसायटीचा हप्ता शेतकऱ्याला चुकत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना हे फार जवळून माहीत होतं. म्हणून कंपनीच्या माणसाने फोनवर दिलेलं उत्तर कोरडं असेल, पण चुकीचं नव्हतं.

मैत्रिणीचं मन चांगलं आहे, सल्ला मात्र तुला महागात पाडेल. पाच तारखेला खात्यात पैसे नसले की ईसीएस, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याचं मागणं, परत जातं (आता त्याला एनएसीएच, 'नाच', म्हणतात, लोकांच्या तोंडी अजून ईसीएसच आहे). मग तुझी बँक दंड लावते, फायनान्स कंपनी वेगळा लावते. काही दिवसांनी कंपनी पुन्हा प्रयत्न करते, तेव्हाही खातं रिकामं असेल तर बँकेचा दंड पुन्हा. दोन हजारांच्या हप्त्यापायी हजारभर रुपये असे सहज जातात आणि हप्ता जिथल्या तिथेच. त्यात चुकलेला प्रत्येक हप्ता सिबिलसारख्या, कर्जफेडीचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थांच्या नोंदीत जातो आणि वर्षानुवर्षं तिथे राहतो. उद्या तू स्कूटी घेशील, लग्नानंतर कल्याण-बदलापूरकडे घर बघशील, तेव्हा बँकेतला माणूस पडद्यावर हाच महिना बघून विचारेल. शिवाय खात्यात पैसे नाहीत म्हणून असा इलेक्ट्रॉनिक हप्ता परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच मामला आहे. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्यातल्या कलम २५ मध्ये त्याला शिक्षा सांगितलेली आहे. दोन हजारांसाठी कुणी लगेच कोर्टात ओढत नाही, पण नोटिशीचा कागद घरी आला तर बाबांच्या हाती कुठल्या अवस्थेत पडेल याचा विचार कर.

तेव्हा पाच तारखेच्या आदल्या दिवशी खात्यात दोन हजार असू देत.

मग उरलेले १६,००० एकदम भरून मोकळी होऊ का, असंही तुझ्या मनात येईल. घाई करू नकोस. 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी, म्हणून विकलेल्या कर्जात व्याज असतंच, फक्त ते सवलतीच्या रूपात आधीच वळतं केलेलं असतं. त्यामुळे मुदतीआधी फेडून वाचतं फार थोडं, वर कर्ज आधी बंद करण्याचं शुल्क लागू शकतं. ते किती, हे तुझ्या कर्जाच्या कागदांत लिहिलेलं असणार. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना अशा प्रत्येक नव्या कर्जासोबत खरा वार्षिक व्याजदर आणि सगळी शुल्कं मांडलेलं एक तक्ता-पत्रक द्यावंच लागतं. ते तुझ्या ईमेलमध्ये किंवा कंपनीच्या ॲपमध्ये सापडेल. ते वाच आणि मग ठरव. माझं मत विचारशील तर हाताशी असलेले पैसे सध्या जवळ ठेव, ते तुला दुसऱ्या कामाला लागणार आहेत.

एखाद्या महिन्यात खरंच ओढाताण झाली, तर हप्ता चुकायच्या आधी कंपनीला लेखी कळव, ईमेलने. तारीख पुढे ढकलून मिळते का, विचार. आणि कधी वसुलीचे फोन आलेच, तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांनी तुला फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. तक्रारीला कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकलं ते. 'गहाळ.'

तुझा फोन गहाळ झालेला नाही. पर्सची चेन होती बंद आणि तू चढलीस तेव्हा उघडी दिसली. ही चोरी आहे. गहाळ म्हणजे तू कुठेतरी विसरलीस, पडला, तुझ्या हातून गेला. या एका शब्दाने चोर कागदावरून नाहीसा होतो आणि दोष तुझ्याकडे येतो. गहाळची नोंद झाली की गुन्हा दाखल होत नाही, आकडा वाढत नाही, तपास अधिकारी नेमावा लागत नाही. शिक्का लगेच मिळतो तो म्हणून. फोनसोबत विमा असेल आणि त्यात चोरी बसत असेल, तर दावा करताना विमा कंपनी पहिल्यांदा एफआयआर मागते. गहाळच्या दाखल्यावर हो म्हणत नाही. हे माझ्या भावाच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याचा फोन गावाकडच्या बसमध्ये चढताना खिशातून काढला गेला. त्यानेही तुझ्यासारखंच, लवकर सुटका व्हावी म्हणून, सांगितलं तसं लिहून दिलं. तीन आठवड्यांनी विम्याचा दावा नाकारल्याचं पत्र आलं आणि त्यात कारण त्याच्याच अक्षरातलं होतं.

म्हणून पुन्हा जा. एकटी जाऊ नकोस, आईला किंवा बाबांना घेऊन जा (बाबांचं पुढे येतंय). गाडीत आणि स्टेशनच्या हद्दीत झालेल्या चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे नोंदवतात. अमुक स्टेशन आमच्याकडे येत नाही, असं म्हणाले तर घाबरू नकोस. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर कुठल्याही पोलिस ठाण्यात घ्यावी लागते. तिला शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात, मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. ऑनलाइन खबर दिलीस तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा तुला हक्क आहे.

अर्जात साधं लिही : अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक स्टेशनवर अमुक दिशेच्या गाडीत चढताना गर्दीचा फायदा घेऊन कुणीतरी माझ्या पर्समधून फोन चोरला. आधी गहाळ असं लिहून दिलं होतं, ते चौकीत सांगितलं म्हणून. मला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली गुन्हा नोंदवायचा आहे. त्या संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीच्या चोरीला वेगळी, सौम्य वागणूक आहे, म्हणून २७,००० चं बिल सोबत ने. नाहीच घेतली तक्रार, तर वाद घालत बसू नकोस. तोच अर्ज पोस्टाने आणि ईमेलने मुंबई लोहमार्ग पोलिस आयुक्तालयात वरिष्ठांना पाठव. कायद्यात ही पायरी लिहिलेलीच आहे. १५१२ हा लोहमार्ग पोलिसांचा मदत क्रमांक आहे. चौकीतल्या हवालदारांवर कामाचा बोजा किती असतो ते मी पाहिलेलं आहे, त्यांच्याशी नम्रच बोल. पण शब्द बदलू देऊ नकोस.

एफआयआर होईपर्यंत थांबायला नको असं एक काम आहे, आणि सहा दिवस झाले तरी ते तू केलेलं दिसत नाही. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंद करणं. सिम बंद केलंस म्हणजे तुझा नंबर वाचला. फोन मात्र दुसऱ्याचं सिम घालून खुशाल चालू शकतो. खोक्यावर पंधरा आकडी नंबर छापलेला असतो, दोन सिमच्या फोनला दोन असतात. खोकं सापडत नसेल तर बिलावर बघ. केंद्र सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर हरवलेला किंवा चोरीला गेलेला फोन बंद करण्याचा अर्ज आहे. त्यात तुझा नंबर, दोन्ही आयएमईआय, बिल, पोलिसांकडच्या नोंदीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. आत्ता हातात आहे ती शिक्क्याची प्रतही चालेल. ओटीपी तुझ्या त्याच नंबरवर मागवता येईल. नव्या सिमवर पहिले २४ तास मेसेज येत नाहीत, तो काळ तुझा संपलेला आहे. अर्ज झाला की एक क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेव.

त्यानंतर तो फोन देशातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही, आणि कुणी त्यात सिम घातलं तर त्याची खबर पोलिसांपर्यंत जाते. ही व्यवस्था २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झाली आणि मे २०२३ पासून देशभर झाली. फोन नक्की मिळेल असं वचन मी देत नाही. कधी आयएमईआय बदलतात (२०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे), कधी फोनचे सुटे भाग करून विकतात. पण अर्जच केला नाही, तर मिळण्याची वाटच बंद.

पैशांचं तू काही लिहिलं नाहीस. यूपीआय होतं ना फोनमध्ये? आजच पासबुक भरून आण आणि मंगळवार संध्याकाळपासूनच्या नोंदी एकेक वाच. बँकेत जाऊन यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद करून घे, लेखी पोच घे. एकदा कळवलंस की त्यापुढचं नुकसान बँकेच्या माथी, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. आधीच काही गेलेलं दिसलं, तर तिथूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, फोन लाव, घरी येईपर्यंत थांबू नकोस. व्हॉट्सॲप नव्या सिमवर कुठल्याही साध्या स्मार्टफोनमध्ये एकदा सुरू केलंस की चोरलेल्या फोनमधलं आपोआप बंद होतं. मावशीला, काकाला तुझ्या नावाने 'अर्जंट पाच हजार पाठव' असा मेसेज जाण्याआधी ते करून टाक.

विम्याचं थोडक्यात : दुकानाचं बिल पुन्हा बघ. 'मोबाइल प्रोटेक्शन' नावाची हजार-बाराशेची ओळ कित्येकदा त्यात असते आणि घेताना कुणी सांगितलेली नसते. असली तर अटी वाच. बऱ्याच योजना फुटलेल्या काचेपुरत्याच असतात, काहींत चोरी बसते पण कळवायची मुदत फार कमी असते. सहा दिवस गेलेत, तेव्हा हे एफआयआरच्याच दिवशी कर.

असंच एक पत्र मागे मँचेस्टरला शिकणाऱ्या एका मुलाचं आलं होतं, म्हणून परदेशात मुलं असलेल्यांसाठी दोन ओळी. तिकडे फोन आणि सिम मिळून बहुधा चोवीस महिन्यांचा करार असतो. फोन चोरीला गेला तरी महिन्याचं बिल मुदत संपेपर्यंत येतच राहतं, कारण तिथेही ते कर्ज आणि सेवेचा करार आहे. फरक इतकाच, की नेटवर्क कंपनीला ज्या मिनिटाला कळेल त्या मिनिटाला कळवायचं, नाहीतर चोराने केलेल्या परदेशी कॉलचं बिलही आपल्या नावावर चढतं.

आता नवा फोन. हप्त्यावर दुसरा घेऊ नकोस, तेवढं माझं ऐक. दोन हप्ते डोक्यावर घेऊन तुझ्या पगारात पास, डबा आणि घरी द्यायचे पैसे बसणार नाहीत. सेकंडहँड साधा फोन सहा-सात हजारांत मिळतो, मघाशी जपून ठेव म्हटलेले पैसे या कामाचे. पण बिल आणि खोकं असलेलाच घे. पैसे द्यायच्या आधी त्याचा आयएमईआय तपास. इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून, तो पंधरा आकडी नंबर १४४२२ वर मेसेज कर. फोन बंद केलेल्यांच्या यादीत असेल तर कळतं. स्टेशनबाहेर पथारीवर कुणी तीन हजारांत चकचकीत फोन देत असेल, तर तो तुझ्यासारख्याच एखादीच्या पर्समधून आलेला आहे.

राहिले बाबा. तू त्यांना घाबरतेस असं मला वाटत नाही. 'बघ, मी म्हटलं होतं' हे ऐकायची तुला भीती वाटते. ते म्हणतीलही. दोन दिवस घरात जरा गप्पगप्प असेल. पण फोन दुरुस्तीला दिलाय हे तू किती आठवडे सांगणार? आणि चौकीत दुसऱ्यांदा जाताना पाठीशी उभं राहायला तुला मोठं माणूस हवंच आहे. सांगताना रडत सांगू नकोस, कागद हातात घेऊन बस. आठ हप्ते राहिलेत, ते माझे मी भरते आहे, फक्त पोलिसांकडे माझ्यासोबत चला, असं म्हण. ज्या माणसाने हप्त्याला नको म्हटलं, तो हप्ता वेळेवर भरणाऱ्या मुलीला घराबाहेर काढत नाही. हप्त्याची त्यांना एवढी धास्ती का, हेही कधी विचार. कदाचित त्यांनी तुला न सांगितलेलं एखादं जुनं कर्ज त्यामागे असेल.

आणि फोन सापडलाच, तर पोलिस बोलावतील. लोहमार्ग पोलिस असे परत मिळालेले फोन लोकांना देतात. बिल, खोकं, ओळखपत्र घेऊन जा. गुन्हा नोंदवलेला असला तर कधी कोर्टाचा आदेश लागतो, त्याला थोडे दिवस जातात. घरी आणून सिम घालशील तर चालणार नाही, कारण तो तूच बंद केलेला असेल. वहीत लिहिलेला तो अर्जाचा क्रमांक 'संचार साथी'वर टाकून आधी त्याची बंदी उठव.

तुझी,
ताई